हलका स्कोप हवाय, पण वजन नेमकं कशातून कमी करायचं?

मागच्या अंकात रायफलच्या एकूण वजनावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की लांब पल्ल्याच्या रायफलीवर सगळ्यात सहज कमी करता येणारं वजन बॅरलमध्ये नाही, वर बसलेल्या स्कोपमध्ये, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीत असतं. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे छाटलेत, कुणी रागवू नका.

प्रश्न : सर, माझी ६.५ क्रीडमूर कार्ट्रिजची रायफल आहे, नुसती रायफल ३.४ किलो. वर व्हॉर्टेक्स रेझर जेन टू ४.५-२७×५६ (पॉवर ४.५ ते २७ पट, पुढचं भिंग ५६ मिमी) बसवलाय, तो १३७५ ग्रॅम. काच मस्त, क्लिक मस्त, तक्रार काहीच नाही. पण आता फील्ड मॅच खेळायला लागलोय, दिवसभर सगळं पाठीवर घेऊन चढउतार, कधी बसून कधी गुडघ्यावर कधी दगडावर टेकवून मारायचं, आणि दुपारनंतर रायफल हातात नुसती डुलते. टार्गेट बहुतेक ३०० ते ८०० मीटर, एखादं १००० चं. ७०० ग्रॅमच्या आसपास काहीतरी घ्यावं म्हणतोय पण पॉवर २५ च्या खाली यायला मन तयार होत नाही. काय करू?

उत्तर : आधी त्या मनाशीच बोलू, कारण सगळं तिथंच अडकलंय. १००० मीटरवरचं टार्गेट १० एक्सवर, म्हणजे १० पट पॉवरला, तुम्हाला तसं दिसतं जसं उघड्या डोळ्याने १०० मीटरवरून दिसेल. १८ एक्सवर ते ५५ मीटरवर येतं. अमेरिकन मरीन कोअरच्या एम४०ए१ स्नायपर रायफलीवर वर्षानुवर्षं उनर्टलचा फिक्स्ड १० एक्स स्कोप होता आणि त्याच्यावर लोकांनी १००० यार्डापर्यंत काम केलं. पाल्मा मॅचचे नेमबाज तर ८००, ९००, १००० यार्डावर स्कोपशिवाय, नुसत्या अ‍ॅपर्चर साइटवर, बारीक भोकातून बघून मारतात. म्हणजे २५ एक्स ही गरज नाही, सवय आहे. आणि खरं सांगा, ऊन चढल्यावर मिराज (तापलेल्या हवेची थरथर) उकळायला लागली की तुम्ही स्वतःच पॉवर कमी करून १२-१५ वर आणता की नाही? दगडावर वाकडंतिकडं बसून मारताना तर अजूनच कमी, कारण जास्त पॉवरला दिसणारा भाग इतका लहान होतो की स्टेजवरचं दुसरं टार्गेट शोधण्यातच वेळ जातो. पुढच्या दोन मॅचना प्रत्येक गोळीनंतर पॉवर रिंग कितीवर होती ते वहीत लिहा. माझ्या वहीत १८ च्या वर क्वचितच काही निघालं, आणि जे निघालं ते बहुतेक झिरो करताना, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून घेताना.

वरचा आकडा १८-२० वर आला की पुढचं आपोआप सुटत जातं. ५६ मिमीच्या पुढच्या भिंगाची गरजच राहत नाही. भिंगाचा व्यास भागिले पॉवर केलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो, ५६ भागिले २५ म्हणजे २.२ मिमी आणि ४४ भागिले १८ म्हणजे २.४ मिमी. म्हणजे लहान भिंगाचा स्कोप त्याच्या पूर्ण पॉवरला उलट किंचित उजेडाचाच आहे, आणि दिवसा बाहुली तशीही २-३ मिमीच उघडलेली असते. ५६ चं भिंग हे ४४ च्या तुलनेत क्षेत्रफळाने १.६ पट, जाडीही वाढते, त्याच्याभोवतीचं धातूचं तोंड मोठं होतं, ते बॅरलला लागू नये म्हणून स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागतात, रिंगा उंच झाल्या की गाल टेकायची जागा वर उचलावी लागते. वजनाला वजन चिकटत जातं. तुमची रायफल जी डुलते ना, ती नुसत्या ग्रॅममुळे नाही, तो १३७५ चा गोळा बॅरलच्या बराच वर बसलाय म्हणून. झोपून बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) मारताना हे कळत नाही, हातात धरली की लगेच कळतं.

आता ज्यात काटकसर करायची नाही ती गोष्ट. टरेटचा, म्हणजे क्लिक करत नेम वर-खाली, डावा-उजवा सरकवणाऱ्या नॉबचा पल्ला. तुमच्या कार्ट्रिजला १०० मीटरच्या झिरोपासून ८०० ला साधारण ७ मिल (१ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी) आणि १००० ला १० मिलच्या आसपास वर जावं लागतं, गोळी, वेग, उंची, हवा याने थोडं इकडं तिकडं. .३०८ असती तर १००० ला १२-१३ लागले असते. आता स्कोपच्या कागदावर एकूण पल्ला २० मिल लिहिलाय असं समजा, तर त्यातला अर्धाच वरच्या बाजूला असतो, १० मिल, आणि बसवताना झिरो बरोब्बर मध्यावर कधीच येत नाही, म्हणजे तुमच्या हातात साडेआठ-नऊच राहिले. इथे २० मिनिटांचा (ही कोनाची मिनिटं, १ मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) उताराचा रेल, म्हणजे स्कोप ज्यावर बसतो ती पट्टी, कामाला येतो, तो ५.८ मिल उचलून देतो. रेल आधीच उताराचा आहे का ते बघून घ्या, नसला तर हलक्या स्कोपबरोबर तो घ्याच. अजून एक, पल्ला टोकापर्यंत वापरायची वेळ येऊ देऊ नका. आतली नळी गोल नळीत हलते, ती वरच्या टोकाला गेली की डावी-उजवी हलायला जागाच उरत नाही, नेमकी लांबच्या टार्गेटला वारा जास्त लावायचा असतो तेव्हा. काचेचा कडेचा भागही मधल्यासारखा स्वच्छ नसतो.

नावं विचारलीत म्हणून नावं. ल्यूपोल्ड मार्क ५एचडी ३.६-१८×४४ आहे ७३७ ग्रॅम. याची ट्यूब ३५ मिमी आहे हे लक्षात ठेवा, ३४ च्या रिंगा बसत नाहीत, लोक घरी आल्यावर डोक्याला हात लावतात. व्हॉर्टेक्स रेझर एलएचटी ४.५-२२×५० आहे ६१५ ग्रॅम, फर्स्ट फोकल प्लेन (म्हणजे काय ते खाली येतंय), ३० मिमी ट्यूब, इतक्या वजनात एवढं सगळं देणारे फार नाहीत. नाइटफोर्स एनएक्स८ २.५-२०×५० हा ८०० ग्रॅमचा आहे, मजबूत आहे, पण आखूड नळीत ८ पट झूम कोंबलाय, अशा कुठल्याही स्कोपमध्ये डोकं जरा हललं की चित्राला काळी कड येते आणि पॅरॅलॅक्सचा नॉब (डोकं हललं तरी नेमाची खूण टार्गेटवरून सरकू नये म्हणून अंतराप्रमाणे लावायचा) फार नाजूक फिरवावा लागतो. वाकडं बसून मारणाऱ्याने असला स्कोप आधी कुणाच्या तरी रायफलीवर बघावाच. स्वारोव्स्की झेड५ ३.५-१८×४४ तर जेमतेम ४५० ग्रॅम, काच बघून जीव थंड होतो, पण १ इंची ट्यूब, सेकंड फोकल प्लेन, आणि मुळात दिवसभर टरेट फिरवणाऱ्यासाठी बनवलेलाच नाही. तुमच्या जागी मी असतो तर मार्क ५ आणि एलएचटी या दोघांत घुटमळलो असतो आणि दिवसभर पाठीवर न्यायचंय म्हणून शेवटी एलएचटी उचलला असता. ७६० ग्रॅम वाचले. जुना स्कोप विकू नका लगेच, एक सीझन थांबा.

प्रश्न : ३४ मिमी ट्यूबमधून ३० मिमीपेक्षा जास्त उजेड येतो असं दुकानदार म्हणाला, खरंय का?

उत्तर : नाही. उजेड ठरतो पुढच्या भिंगाने, पॉवरने आणि भिंगांवरच्या कोटिंगने. जाड ट्यूबचा फायदा आत हलायला जागा जास्त मिळते हा, म्हणजे टरेटचा पल्ला वाढू शकतो, आणि तोही वाढेलच असं नाही कारण काही जण जाड ट्यूब घेऊन आतली नळीही जाड करतात. कागदावर पल्ल्याचा आकडा असतो तो वाचा, ट्यूबच्या जाडीवरून अंदाज बांधू नका. तुम्हाला ६०० मीटरच्या पुढं जायचंच नसेल तर ३० मिमी रग्गड, १ इंचसुद्धा चालून जाते.

प्रश्न : हलके स्कोप बरेचसे सेकंड फोकल प्लेनचे दिसतात. मला सगळे सांगतात लांब पल्ल्याला फर्स्टच पाहिजे. खरंच इतका फरक पडतो?

उत्तर : तुम्ही काय करता यावर आहे. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये पॉवर वाढवली की रेटिकलही (स्कोपच्या आतल्या नेमाच्या रेघा आणि खुणा) बरोबर मोठा होतो, त्यामुळे रेटिकलवरची १ मिलची खूण कुठल्याही पॉवरला १ मिलच राहते. सेकंडमध्ये रेटिकल तेवढाच राहतो आणि टार्गेट मोठं-लहान होतं, म्हणजे १८ एक्सला खरी असलेली १ मिलची खूण ९ एक्सला २ मिल होते. हे नीट समजलं असेल आणि डोक्यात शांतपणे हिशोब करायला वेळ असेल तर काहीच बिघडत नाही. पण मॅचमध्ये घड्याळ चालू, मिराज बघून पॉवर १४ वर आणलेली, वारा लावायला रेटिकलवरची दुसरी खूण धरली आणि गोळी भलतीकडंच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि स्वतःही एकदा केलंय. वारा रेटिकलवर धरणारे असाल, वेगवेगळ्या अंतराची टार्गेटं पटापट मारायची असतील तर फर्स्ट घ्या आणि त्याचे जास्तीचे ग्रॅम मुकाट्याने वाहा.

याउलट उंचीसाठी टरेट फिरवता, वाऱ्यासाठीही टरेट फिरवता, अंतर ठरलेलं आणि माहितीचं, तर सेकंड उलट बरा, रेघ बारीक राहते आणि लहान पॉवरला रेटिकल कोळ्याच्या जाळ्यासारखा पुसट होत नाही. फर्स्ट फोकल प्लेनची ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही, ३-४ एक्सला त्याच्या खुणा वाचताच येत नाहीत.

प्रश्न : मी एफ-क्लासमध्ये (झोपून, रायफल टेकवून लांब पल्ल्याची नेमबाजी) एफ-टीआर गटात खेळते. रायफल, बायपॉड, स्कोप सगळं धरून ८.२५ किलोची मर्यादा आहे आणि मी ८.२१ वर आहे. बॅरल बदलायची वेळ आलीय, थोडी जाड हवी आहे. सध्याचा स्कोप जवळपास १.१ किलोचा. ताई-माई सगळ्यांना विचारून झालं, प्रत्येकाचं वेगळं.

उत्तर : तुमचं प्रकरण वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, त्यामुळे वर जे पॉवर कमी करा म्हणालो ते विसरून जा. तुम्ही झोपून मारता, रायफल टेकवलेली आहे, अंतर ठरलेलं आहे, टार्गेट एकच आहे आणि त्यातलं महत्त्वाचं वर्तुळ १ मिनिटाचं, आत अर्ध्या मिनिटाचं. १००० यार्डाला ते १० इंच आणि ५ इंच झाले. इथे ४० एक्सचा खरंच उपयोग आहे, आणि मिराज हीच तुमची वाऱ्याची पाटी आहे, ती दिसायलाच हवी.

म्हणून तुम्ही झूमची रेंज, फर्स्ट फोकल प्लेन, दिवा लागणारा रेटिकल, लॉक होणारे टरेट यातून वजन काढा, पॉवरमधून नाही. याच खेळासाठी बनवलेले स्कोप असतात, नाइटफोर्सचा कॉम्पिटिशन १५-५५×५२ हा ७९० ग्रॅमच्या आसपास आहे, सेकंड फोकल प्लेन, एका क्लिकला १/८ मिनिट. १/८ मिनिट म्हणजे १००० यार्डाला ३.३ सेंमी, १/४ ची क्लिक तिथं ६.६ सेंमी सरकवते, आतलं वर्तुळ एकूण १२.७ सेंमीचं असताना एवढी मोठी पायरी नकोच. या बदलाने ३०० ग्रॅम सुटले, त्यातले २५० बॅरलला द्या आणि बाकीचे मोकळे ठेवा, कारण तपासणीच्या काट्यावर तुमच्या काट्यापेक्षा ३० ग्रॅम जास्त दाखवले तर वाद घालून उपयोग नसतो. तुमच्याकडे आत्ता जेमतेम ४० ग्रॅमची फट आहे, मला वाचूनच धडधडलं.

प्रश्न : दादा, हलका स्कोप घेतला आणि पस्तावलो. ६५० ग्रॅम कमी झाले, सगळं मिळून ४.६ किलोची रायफल आता ३.९५ झाली. पहिल्याच दिवशी भुवईवर खोक पडली. वर १०० मीटरला ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) आधीसारखाच पण ३०० ला पसरतो. स्कोप खराब निघाला का?

उत्तर : भुवई आणि ग्रुप ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच दिवशी आली म्हणून एकत्र दिसतायत.

भुवईचं बघू. गोळी तीच, दारू तीच, म्हणजे मागे येणारा धक्का तोच, फक्त तो झेलायला रायफल हलकी झाली. ४.६ भागिले ३.९५, म्हणजे रायफल आता साधारण १६ टक्के जास्त वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जाही तेवढीच वाढली. जुना स्कोप जड होता म्हणून तुम्ही डोळा थोडा जवळ नेत होतात तरी खपून जात होतं. नवीन स्कोप रिंगांमध्ये थोडा पुढे सरकवा. कसा सरकवायचा तर डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल जिथं आपसूक टेकेल तिथं टेकवा, मग डोळे उघडा, पूर्ण पॉवरला चित्र काठोकाठ दिसायला पाहिजे. हे झोपून करा आणि बसूनही करा, कारण झोपल्यावर मान पुढे जाते आणि डोळा २-३ सेंमी जवळ येतो. खोक नेहमी झोपून मारतानाच पडते. डोळ्यापासून ९ सेंमीच्या आसपास अंतर देणारे स्कोप असतात, त्याहून कमी देणारा असेल तर हलक्या रायफलीवर नकोच.

आता ग्रुप. तुमच्या पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलंय की नवीन स्कोपला साइडचा नॉब नाही, आणि उत्तर तिथंच आहे. वजन वाचवायला कंपनीने पॅरॅलॅक्सची यंत्रणाच काढून टाकलीय आणि पॅरॅलॅक्स १०० ला कायमचा बांधून दिलाय. १०० वर डोळा कुठूनही बघो, रेटिकल जागेवरच. पण ३०० ला डोकं इकडंतिकडं झालं की रेटिकल टार्गेटवर सरकतो आणि तुम्ही सरकलेल्या जागी मारता. किती सरकू शकतो याचा हिशोब सोपा आहे, भिंगाचा अर्धा व्यास गुणिले अंतरातला फरक भागिले बांधून दिलेलं अंतर. तुमचं भिंग ४२ मिमी, अर्धं २१, फरक २००, भागिले १००, म्हणजे ४२ मिमी. मध्यापासून चारी बाजूंना ४२. हे सगळ्यात वाईट परिस्थितीत, डोळा अगदी कडेला असताना, आणि पॉवर कितीही ठेवली तरी हे बदलत नाही. ५०० ला तोच आकडा ८४ होतो. स्कोप खराब नाही, तो २०० मीटरपर्यंतच्या कामासाठी आहे आणि तुम्ही त्याच्याकडून भलतं मागताय. तात्पुरता उपाय, गालाची जागा पक्की करा आणि मुद्दाम डोकं मागे नेऊन चित्राभोवती चारी बाजूंनी सारखी काळी कड दिसेल असं धरून मारा, डोळा मध्यावर येतो. कायमचा उपाय, साइडचा नॉब असलेला स्कोप. लांब पल्ल्यासाठी हलका स्कोप घेताना पॅरॅलॅक्सचा नॉब गाळलेला असेल तर मी पुढचं वाचतच नाही.

प्रश्न : मिल घ्यावा का एमओए, म्हणजे मिनिटवाला?

उत्तर : ज्याच्याबरोबर खेळता तो जे बोलतो ते. फक्त टरेट आणि रेटिकल दोन्ही एकाच भाषेत हवेत, रेटिकल मिलचा आणि टरेट १/४ मिनिटाचा असले खिचडी स्कोप अजून मिळतात, हलक्या जुन्या मॉडेलमध्ये जास्त. १ मिल म्हणजे ३.४४ मिनिटं, हा गुणाकार वारा चालू असताना करायचा नसतो.

प्रश्न : हलका स्कोप म्हणजे आतून नाजूक असणार, क्लिक बरोबर चालणार नाही, अशी भीती वाटते. विकत घेतल्यावर घरच्या घरी तपासता येतं का? माझ्याकडे कुठलीही खास उपकरणं नाहीत.

उत्तर : येतं, आणि तपासायलाच पाहिजे, हलका असो जड असो. हलका म्हणजे नाजूकच असं मात्र नाही. उलट एक गंमत बघा, गोळी सुटल्यावर रायफल झटक्याने मागे जाते आणि स्कोप स्वतःच्या वजनाने जागेवर राहायला बघतो, जड स्कोप रिंगांना जास्त ओढतो आणि हलका कमी. बिघडतं ते आतल्या स्प्रिंगमध्ये आणि स्क्रूच्या आट्यांमध्ये, तिथं पैसे वाचवलेले असले तर.

माझी गोष्ट सांगतो. एक हलका स्कोप घेतला होता, नाव सांगत नाही, वजन बघूनच भाळलो होतो. ५०० पर्यंत ठीक. ९०० च्या पुढं गोळी कायम खाली. मी गोळीचा लॉट बदलला, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) संशय घेतला, कॅल्क्युलेटरमधला बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवेला किती भेदते तो आकडा) हाताने कमी करून बघितला, म्हणजे आकडे जुळवायला गोळीच खोटी ठरवली. दोन महिने असे गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी एका जुन्या नेमबाजाने विचारलं, टरेट मोजलास का? मोजला. १० मिल फिरवले की ९.६ च जात होता. ४ टक्के. १०० मीटरला कळतही नाही, १००० ला १० मिल फिरवले की तेच ४० सेंमी होतं.

मोजायचं असं. बरोबर १०० मीटर टेपने मोजा, पावलांनी नाही, रेंजवरच्या पाटीवर विश्वास ठेवून नाही. मीटर आहेत का यार्ड तेही बघा, यात घोळ झाला तर ९ टक्के चूक तुम्हीच घालता आणि स्कोपला शिव्या देता. उंच पुठ्ठा उभा करा, ओळंबा सोडून त्यावर एक सरळ उभी रेघ मारा. खाली नेमाचा ठिपका, तिथून बरोबर १ मीटर वर आडवी रेघ, कारण १०० मीटरला १० मिल म्हणजे १ मीटर. (यार्डाच्या रेंजवर असाल तर १० मिल म्हणजे ३६ इंच.) झिरो असलेल्या रायफलीने ठिपक्यावर ३-४ मारा. मग १० मिल वर फिरवा आणि नेम त्याच खालच्या ठिपक्यावर धरून पुन्हा ३-४. पुन्हा शून्यावर आणा, पुन्हा मारा. वरच्या ग्रुपचा मध्य आडव्या रेघेवर आला, खालचे दोन ग्रुप एकावर एक बसले, मिटलं. वरचा ग्रुप ९८ सेंमीवर आला तर टरेट २ टक्के कमी जातोय, आणि दरवेळी तेवढाच कमी जात असेल तर ते कॅल्क्युलेटरमध्ये भरता येतं, त्यासाठी स्कोप फेकायची गरज नाही. दर वेळी वेगळं येत असेल तर मात्र परत करा.

ओळंब्याची रेघ दुसरंही सांगते. वरचा ग्रुप रेघेच्या एका बाजूला गेला असेल तर स्कोप रिंगांमध्ये तिरका बसलाय नाहीतर तुम्ही रायफल तिरकी धरताय. ३ अंश तिरकेपणा डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण १० मिल फिरवल्यावर तो अर्धा मिल आडवा नेतो, १००० मीटरला ५२ सेंमी. लोक तो वारा समजतात.

गोळ्या फुकट घालवायच्या नसतील तर रायफल पक्की बांधून, पुठ्ठ्याऐवजी उभी टेप लावून नुसतं बघूनही मोजता येतं, टरेट फिरवायचा आणि रेटिकल टेपवर किती सरकला वाचायचं. पण बांधलेलं खरंच हलता कामा नये, आणि गोळीचा धक्का बसल्यावर काय होतं ते यात कळत नाही. मी दोन्ही करतो, आधी नुसतं बघून, मग मारून.

प्रश्न : स्कोप ६०० ग्रॅमचा घेतला तरी सगळं बसवल्यावर काट्यावर ११०० दाखवतंय. बाकीचे ५०० आले कुठून?

उत्तर : तुमच्या यादीवरून मीच बेरीज करतो. एकसंध जाड माउंट, झाकणं, सनशेड, बबल लेव्हल, वर अजून एक छोटा रेल कशासाठी तरी, आणि स्टीलचा बेस. स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं. बेस अ‍ॅल्युमिनियमचा करा, एकसंध माउंटऐवजी दोन सुट्या हलक्या रिंगा लावा, ६०० ग्रॅमच्या स्कोपला त्या पुरतात. वरचा रेल काढा, पत्रात तुम्ही त्याच्यावर काय लावता ते लिहिलेलंच नाही म्हणजे काही लावतच नसणार. लेव्हल ठेवा. झाकणं ठेवा. सनशेड सूर्य समोर असेल त्या दिवशीच बॅगेतून काढा.

हलक्या रिंगांचे स्क्रू मात्र हाताच्या अंदाजाने आवळू नका. ट्यूबवरच्या स्क्रूना बहुतेक ठिकाणी १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं, तुमच्या रिंगेच्या कागदावर जे असेल तेच धरा, आणि थोडं थोडं करून आलटूनपालटून आवळा. पातळ ट्यूब जास्त दाबली की आतली नळी अडकते, मग पॅरॅलॅक्सचा नॉब घट्ट होतो नाहीतर क्लिक मध्येच गिळल्या जातात, आणि पुन्हा तेच, स्कोप खराब निघाला म्हणून मला पत्र.